घरातला वेगळा पेला

क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. उपचार साधारण सहा महिन्यांचा. परंतु रोगी औषध घेऊन घरी आला की त्याचे आणि घरच्यांचे काय होते? हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो आम्ही विचारीत आहोत.

हिंगोली जिल्ह्यातील अनेक मजूर कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यातला एक आजारी पडला की कोयता मोडतो. मुकादमाची उचल मात्र अंगावर राहते. मग दोन महिन्यांत खोकला थांबला की माणूस फडात उतरतो आणि गोळ्या सुटतात. रोग उलटतो, औषधालाही दाद देईनासा होतो. हा अडाणीपणा नव्हे, पोटाची सक्ती आहे. नोंदणी दाखवून कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही उपचार चालू ठेवता येतो, हे वस्तीनेच सांगितले पाहिजे.

शासन काय देते? निक्षय पोषण योजनेचे २०१८ साली ५०० रुपये होते. नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाले. दिवसाला तेहतीस रुपये! संजय गांधी निराधार योजनेत क्षयरोगी बसतो. पण तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाला २१,००० रुपयांची अट वर्षानुवर्षे ठेवली गेली. दिवसाला साठ रुपयांच्या आत कोणते कुटुंब जगते, हे शासनाने दाखवावे.

शासनाला जाब विचारूच. पण आपल्या घरातही डोकावू. रोग्याचे ताट वेगळे, पेला वेगळा. सून असेल तर माहेरी रवानगी. क्षयरोग हवेतून पसरतो, भांड्यातून नाही. औषध नीट सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाचा धोकाही बराच घटतो. वेगळ्या पेल्याचा अपमान ज्यांच्या पूर्वजांनी सोसला, त्यांनीच आपल्या आजारी माणसापुढे वेगळा पेला ठेवावा? सोबत्यांनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले. हे विहारात ऐकायचे आणि घरी विसरायचे काय?

घरच्यांनी खिडकी-दार उघडे ठेवावे, स्वतःची तपासणी करून घ्यावी, गोळीची वेळ एकाने सांभाळावी. सेवेचा सारा भार एकट्या बाईवर टाकू नये; मुलीची शाळा तर मुळीच सुटता कामा नये. उपचार संपेपर्यंत उचलीचा तगादा नको, असे कार्यकर्त्यांनी मुकादमाला ठणकावून सांगावे. जयंतीसाठी घरोघर वर्गणी काढणारी आपली वस्ती एका घराची सहा महिन्यांची भाकर नक्कीच उचलू शकते.