अनोळखी मैत्रिणीचा निरोप



१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांवर तोंडसुख घेतले. तेव्हा आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, ना तिच्या नात्याच्या ना जातीच्या, 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून १८८२ मध्ये उभ्या राहिल्या. जोखीम त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली.

आज अशी अनोळखी बाई मोबाइलवरच्या गटात भेटते. रात्री दोनच ओळी येतात: नवरा मारतो, काय करू? लगेच सल्ल्यांचा पाऊस. कुणी पत्ता मागते, कुणी तिचा मजकूर चार गटांत पाठवते. हेतू चांगलाच, पण फोन बहुधा तिच्या एकटीचा नसतो आणि मजकूर फिरत फिरत घरीच पोचतो. मार तिलाच बसतो.

म्हणून आधी विचारावे, आत्ता बोलता येईल का, फोन कोण पाहते? पुढचे बोलणे गटाबाहेर, एकीनेच करावे. दुसरीला माहीत असावे. एकटीने तिच्या घरी जाऊ नये. जिवावर बेतले असेल तर ११२, एरवी १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. (निरोप पाठवणारी बाई खरेच बाई आहे का, हेही पाहावे. पैसे मागितले तर थांबावे.)

आणि ती 'आता नको' म्हणाली, तर तिच्या फोनमधले बोलणे पुसायला सांगावे. आपल्याकडची प्रत पुराव्यासाठी राहू द्यावी, कुलुपात.