वाढीव अनुदान नेमके कोणाला मिळाले?

मा. संपादक,


पिशवीतले दूध लिटरमागे दोन रुपयांनी महागले की त्याची पहिल्या पानावर बातमी होते. खरेदी दर दोन रुपयांनी उतरतो तेव्हा मात्र संकलन केंद्रातल्या फळ्यावर खडूने आकडा बदलला जातो आणि दहा दिवसांनी पगार हातात आला की घरातल्यांना कळते. दुधाच्या पैशाला आमच्या अकोले तालुक्यात पगारच म्हणतात. तो वाढेल की घटेल, हे ठरवताना आम्हाला कोणी विचारत नाही.

दुधाला भाव द्या, ही मागणी जुनी आहे. जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपात दूध रस्त्यावर ओतले गेले, जुलै २०१८ मध्ये मुंबईचे दूध अडवले गेले. प्रत्येक वेळी सरकारने एक आकडा जाहीर केला. जुलै २०२३ मध्ये ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये दर ठरला. वर्ष सरायच्या आत तो २७च्या आसपास आला. या ३४ रुपयांच्या पाठीशी कायदाच नव्हता. राज्यातले बहुतेक दूध खासगी डेअऱ्यांकडे जाते आणि त्यांनी दर पाळला नाही तर सरकार विनंतीपलीकडे काही करू शकत नाही.

मग अनुदान आले. त्याचा हिशेब वाचकांनी जरा बारकाईने पाहावा. जुलै २०२४ मध्ये आमच्या तालुक्यातल्या कोतूळला शेतकरी धरणे धरून बसले असताना ठरले, की डेअरीने ३० रुपये द्यायचे, सरकार ५ घालणार, शेतकऱ्याला ३५ मिळणार. १ ऑक्टोबर २०२४पासून सरकारचे ५ रुपये ७ झाले. ऐकायला छान वाटले. पण त्याच वेळी डेअरीने द्यायचा दर ३०वरून २८वर आणला गेला. आमच्या हातात आधीही ३५ आणि नंतरही ३५च. तिजोरीतून दोन रुपये जास्त गेले, डेअरीचे दोन रुपये वाचले. याला शेतकऱ्याचे अनुदान म्हणायचे असेल तर म्हणा! शिवाय ते मिळवायला जनावराच्या कानात बिल्ला, ऑनलाइन नोंदणी, आधार जोडलेले खाते, हे सगळे आमच्याच मागे होते. कागदपत्रांना आमची हरकत नाही. पण आमची तपासणी एवढी कडक होती, तर डेअरीचा खर्च आणि नफा कोण तपासतो?

आणि ३५ हा आकडा तरी खरा कुठे होता? ३.५/८.५ला दूध बसले तर तो खरा. उन्हाळ्यात होल्स्टीन गाईचा एसएनएफ हमखास उतरतो. समजा, दूध ३.३ आणि ८.३ लागले आणि डेअरी फॅटच्या पॉइंटला (म्हणजे ०.१ला) ५० पैसे, एसएनएफच्या पॉइंटला १ रुपया कापते. लिटरमागे सरळ ३ रुपये गेले. आता गंमत पाहा. देशाच्या अन्न सुरक्षा नियमांनुसार ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफचे गाईचे दूध प्रमाणित, उत्तम दूध आहे. म्हणजे कायदा ज्याला चांगले म्हणतो, त्याच दुधाला आम्ही दंड भरतो. शहरात टोन्ड दुधाच्या पिशवीत तर ३ टक्केच फॅट असते, त्यावरची साय लोणी-तुपाच्या भावाने वेगळी विकली जाते. फॅट मोजणारे यंत्र डेअरीचे, वजनकाटाही तिचाच. काटा १०० मिलीच्या टप्प्याने माप दाखवत असेल तर वरचे ५०-६० मिली दूध रोज दोन वेळा फुकट जाते. वैधमापनशास्त्र विभाग पेट्रोल पंप तपासतो, तसाच त्याने हा काटा तपासावा.

डेअरीवाले म्हणतात, भुकटीचा बाजार पडला तर आम्ही काय करणार? मुद्दा खोटा नाही. महाराष्ट्रातल्या गाईच्या दुधाचा दर भुकटी आणि बटरच्या भावावर हलतो. पण २०२३च्या सुरुवातीला भुकटी तेजीत असताना दर ३७-३८ रुपयांवर गेला होता, तो डेअऱ्यांनी स्पर्धेपोटी दिला, उपकार म्हणून नाही. मंदी आली की तिचा सगळा भार गोठ्यावर लोटायचा, हे कोणत्या हिशेबात बसते? गोळी पेंडेचे पोते मंदीत स्वस्त होत नाही. गाय भाकड झाली म्हणून तिची वैरण बंद करता येत नाही. विकावी म्हटले, तर गोहत्याबंदी आधीपासून होती, २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. ज्याला कोणी विकत घेत नाही असा संकरित गोऱ्हा दाव्याला बांधून पोसायचा खर्च दूध दरात कोणी धरलेला मला तरी दिसला नाही. कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात बोलणाऱ्यांनी निदान हा खर्च कोणी उचलायचा ते सांगावे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की अनुदान नसले तरी चालेल, पण दुधाला कायद्याने दर द्या. उसाला तो आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर आहे, शिवाय महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने उत्पन्नाच्या ७०:३० वाटपाची तरतूद आहे. साखर कारखाने हा कायदा नेहमी पाळतात असे नाही, पण पाळला नाही तर शेतकऱ्याला दाद मागता येते. दुधाला असा किमान दर आणि अंतिम विक्रीतला ठरावीक वाटा का नाही? कोल्हापुरात ‘गोकुळ’ दूध संघ दिवाळीला फरक बिल देतो, गुजरातच्या संघांतही वर्षाअखेरीस फरक वाटला जातो. म्हणजे विक्रीच्या पैशातून उत्पादकाला वाटा देता येतो, हे सहकाराने कधीच दाखवून दिले आहे. खासगी डेअरीला त्यासाठी कायदाच लागेल.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. तोवर एक काम आपल्या हातातले आहे, संपादक महोदय. आपण रोज कांदा, टोमॅटो, सोयाबीनचे बाजारभाव छापता. त्याच रकान्यात दर आठवड्याला डेअरीच्या नावासह दुधाचा खरेदी दर, पॉइंटमागची कटोती आणि त्याच डेअरीच्या पिशवीची किंमत छापा. आकडे शेजारी शेजारी दिसू द्या.

आपला,
एक दूध उत्पादक,
ता. अकोले, जि. अहिल्यानगर