ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सात कुठलं ऑइल? ‘जाड ते चांगलं’ हा हिशोब आता सोडा



ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलाय, ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला लागलेत. सगळीकडं एकच प्रश्न ऐकू येतोय, “गिअरबॉक्सात 90 नंबर टाकू का 140?” माझं मत सरळ आहे. ज्या ट्रॅक्टरला ऑइल ब्रेक आहेत, त्यात नंबर बघून, रंग बघून किंवा बोटावर चोळून ऑइल निवडू नका. कंपनीच्या पुस्तकात जो कोड लिहिलाय, तोच कोड डब्यावर छापलेला असेल तरच घ्या. का, ते सांगतो.

पूर्वीच्या ट्रॅक्टरला सुके ब्रेक होते. गिअरबॉक्सातल्या ऑइलचं काम दाते जपायचं, एवढंच. तिथं 90 नंबर चालायचं. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरात एकाच टाकीतलं ऑइल चार कामं करतं. गिअर आणि डिफरन्शियलचे दाते जपायचे, लिफ्टचा पंप चालवायचा, ब्रेकच्या प्लेटा गार ठेवायच्या, आणि कित्येक मॉडेलात पीटीओचा क्लचही त्याच ऑइलात. आता गंमत बघा. दात्यांना निसरडं ऑइल पाहिजे, ब्रेकच्या प्लेटांना पकड पाहिजे, पंपाला पातळ ऑइल पाहिजे. ऑइल जास्त निसरडं असलं तर ब्रेक घसरतो. पकड बेताची नसली तर प्लेटा कुरकुरतात आणि ट्रॅक्टर थरथरतो. ऑइल जाड असलं तर सकाळच्या गारठ्यात पंपाला ते ओढवत नाही, लिफ्ट उशिरा उठते. हा तोल मोजून घातलेल्या रसायनांनी साधलेला असतो. बोटावर चोळून तो कळत नाही.

नंबराचा घोळही समजून घ्या. इंजिन ऑइलचं 40 आणि गिअर ऑइलचं 90 या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. गरम झाल्यावर दोन्हींचा जाडपणा जवळजवळ सारखाच. म्हणजे 90 हे 40 च्या दुप्पट जाड, हा समजच चुकीचा. आणि नंबर फक्त जाडपणा सांगतो. ब्रेकला चालतं का, हे सांगत नाही.

ते सांगतो कोड. अशा ऑइलला यूटीटीओ म्हणतात, पण ते झालं प्रकाराचं नाव. त्याच्या खाली बारीक अक्षरात कंपन्यांचे कोड असतात. जॉन डिअरचा जे20सी, मॅसीचे एम1135, एम1145 असे, फोर्ड-न्यू हॉलंडचा एम2सी134-डी. एकाच डब्यावर दोन-चार कोड असू शकतात. आपल्या पुस्तकातला त्यात आहे का, एवढंच बघायचं. असला तर डबा कुठल्याही चांगल्या कंपनीचा चालेल, ट्रॅक्टर कंपनीचंच लेबल पाहिजे असं नाही. फक्त वॉरंटी चालू असेल तर आधी तिच्या अटी वाचा. आणि पुस्तकात खरंच 90 लिहिलं असेल, तर तिथं 90 च बरोबर.

हा विषय आपल्यापुरता नाही. अमेरिकेत 1960 च्या दशकात जॉन डिअरचं 303 नावाचं ट्रॅक्टर ऑइल होतं. त्यात स्पर्म व्हेल देवमाशाचं तेल घातलेलं असायचं, कारण त्यानं ओले ब्रेक आणि क्लच गुळगुळीत लागायचे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला देवमाशाच्या तेलावर तिथं बंदी आली आणि कंपनीनं तो कोडच सोडून दिला. पण नाव शेतकऱ्याच्या तोंडात बसलेलं. पुढं कित्येक वर्षं दुसरेच लोक पिवळ्या बादलीत 303 नावानं स्वस्त ऑइल विकत राहिले. शेवटी 2017 साली मिसुरी राज्याच्या कृषी खात्यानं नमुने तपासून त्याची विक्री बंद केली. नाव जुनं, बादली ओळखीची, आत काय त्याची हमी नाही. आपल्याकडं बॅरलमधून सुट्टं मिळणारं ऑइल वेगळं काय आहे?

काही जणांकडं आता ऑटोमॅटिक पिकअप आल्यात, हायलक्स, व्ही-क्रॉस अशा. त्यांनाही हाच नियम. तिथलं ऑइल आणखी पातळ असतं आणि क्लचच्या प्लेटा त्यातच काम करतात. नवीन गिअरबॉक्सात जुन्या काळचं ‘लाल ऑइल’ सरसकट चालत नाही. तसंच ते लाल ऑइल ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सात ओतू नका. पॉवर स्टिअरिंगच्या वेगळ्या डब्यात पुस्तक सांगत असेल तर तिथंच.

महाग पडतं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब. लिटरमागं 80 रुपये जास्त धरा, टाकी 45 लिटरची धरा. 3,600 रुपये जादा. 1,000 तासांनी बदली धरली तर तासाला 3 रुपये 60 पैसे. रोटर मारताना तासाला डिझेल किती जातं ते आठवा. आणि आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. भरलेल्या उसाचा सगळा लोट ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. उतारावर ब्रेक घसरला तर समोर कुणाचं तरी पोर सायकलवर असतं.

चार गोष्टी पाळा:

1. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. भाताच्या चिखलणीनंतर हमखास बघा. नुसतं बदलू नका, आधी सील आणि ब्रीदर तपासा.
2. लेव्हल सपाट जागेवर, लिफ्ट खाली टाकून, इंजिन बंद करून बघा.
3. ऑइलबरोबर फिल्टर बदला, जाळी धुवा.
4. ब्रेक कुरकुरायला लागला तर भरलेली ट्रॉली जोडायची नाही.

आता मागणी. कंपन्यांनी ऑइलचा कोड मराठीत, मोठ्या अक्षरात, ऑइल ओतायच्या झाकणापाशीच लिहावा. पुस्तक घरात कुठं पडलंय ते कुणाला सापडत नाही, झाकण मात्र फिटरच्या नजरेसमोर असतं. दुकानदारानं बिलावर ‘गिअर ऑइल’ एवढंच न लिहिता कोडही लिहावा. औषधाच्या बिलावर आपण बॅच नंबर मागतो, तसाच हाही मागा. देत नसेल तर दुसरं दुकान बघा. चार जणांनी मागितला की पाचव्याला आपोआप मिळेल.