श्वासाचा मुहूर्त



मागील महिन्यात लासलगावच्या आमच्या पेठेतील एका वडीलधाऱ्या काकूंनी मला थांबवून विचारले, “नातसुनेचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले, आताही तसेच करायचे ठरले आहे. सदतिसावा आठवडा संपत आला. ज्योतिषीजींनी येत्या सोमवारचा उत्तम मुहूर्त काढला आहे. डॉक्टर मात्र आणखी दोन आठवडे थांबा म्हणतात. बाळाचे वजन चांगले आहे, नववा महिना चालू आहे. मग थांबायचे कशासाठी?” हा प्रश्न एकाच घराचा नाही, म्हणून त्याचे उत्तर आज सर्वांपुढे मांडतो.

गर्भ राहिल्यानंतर तीन-चार आठवड्यांतच बाळाचे हृदय धडधडू लागते. फुप्फुसाची कथा निराळी आहे. साधारण चौथ्या आठवड्यात, पुढे जिची अन्ननलिका होते त्या नळीच्या पुढील भिंतीवर एक इवलासा कोंब फुटतो. त्याच्या दोन फांद्या होतात. उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन पाळ्या आकार घेतात. मग फांदीला फांदी फुटत जाते आणि सोळाव्या-सतराव्या आठवड्यापर्यंत श्वासनलिकांचा सारा वृक्ष उभा राहतो. मात्र या वृक्षाला अजून पाने आलेली नसतात.

या वृक्षासोबत रक्तवाहिन्यांचाही एक वृक्ष वाढत असतो. श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी आसपासच्या पेशींना रासायनिक संकेत देतात आणि त्यांच्यातून केशवाहिन्यांचे जाळे विणले जाते. श्वासनलिका जिकडे वळते, तिकडे धमनी तिच्या शेजारून जाते. याच्या उलटही घडते. रक्तवाहिन्यांची वाढ खुंटली, तर वायुकोशही नीट घडत नाहीत. एका पेढीचे हे दोन भागीदार आहेत. एकाचे खाते थांबले की दुसऱ्याचाही व्यवहार बसतो.

चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास हवेची भिंत व रक्ताची भिंत एकमेकींच्या इतक्या निकट येतात की प्राणवायूची देवाणघेवाण जेमतेम शक्य होते. याच सुमारास सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ पाझरू लागतो. तो नसेल तर ओल्या पिशवीच्या कडा चिकटाव्यात तसे वायुकोश प्रत्येक श्वासाबरोबर मिटतात. तो पुरेसा होण्यास चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. खरे वायुकोश, म्हणजे वृक्षाची पाने, छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास धरू लागतात. जन्मतः ते काही कोटी असतात. प्रौढपणी तीस कोटींहून अधिक होतात.

गर्भात फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि हृदयातील रक्ताचा जेमतेम दहावा हिस्सा त्यांच्याकडे जातो. प्रसूतीच्या कळांबरोबर स्रवणारी संप्रेरके हा द्रव शोषून घेण्याची तयारी करतात. कळा येण्यापूर्वीच, तेही एकोणचाळीस आठवड्यांच्या आत, ठरवून सिझेरियन केले तर द्रव मागे राहण्याची आणि बाळाला धाप लागण्याची शक्यता वाढते. गुटगुटीत बाळालाही मग काचेच्या पेटीत राहावे लागते. वजन भरले म्हणजे फुप्फुस भरले, असे नव्हे.

बाळ फारच लवकर आले तर काय होते, हे जगाने 1963 साली पाहिले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि अवघ्या एकोणचाळीस तासांत श्वासाअभावी गेला. पुढे 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी या डॉक्टरांनी दाखवून दिले की अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाचे फुप्फुस लवकर सज्ज होते.

या इंजेक्शनाचा कस आपल्या मुलखातही लागला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, सहा देशांतील एका मोठ्या प्रयोगात नागपूर व बेळगाव परिसरातील गावे होती. तेथे इंजेक्शन गावपातळीपर्यंत पोहोचवले गेले. पण बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट एकंदरीत काहीसे वाढले. ज्यांना गरज नव्हती अशा अनेक मातांनाही ते मिळाले होते. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांत नवा प्रयोग केला. त्यातही बेळगाव होते. या वेळी सोनोग्राफीने गर्भाचे वय निश्चित केले आणि नवजात बाळाची देखभाल हाताशी ठेवली. 2020 मध्ये निष्कर्ष आला : सव्वीस ते चौतीस आठवड्यांच्या या बाळांतील मृत्यू शंभरात सुमारे चोवीसवरून वीसवर आले. औषध तेच होते. फरक पडला तो अचूक तारखेने आणि योग्य जागेने.

सर्फॅक्टंटही औषध म्हणून मिळते. ते बहुधा जनावरांच्या फुप्फुसांपासून काढलेले असते. बाळाच्या जिवावर बेतले असता ते नाकारू नये. पण ती वेळच येऊ न देणे आपल्या हाती असेल, तर अहिंसेला मानणाऱ्या घराने त्यात कसूर का करावी?

म्हणून तीन गोष्टी घरोघरी पाळाव्यात. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी चुकवू नये आणि तिचा अहवाल खातेवहीसारखा जपावा. गर्भाचे खरे वय त्यातूनच कळते. वेळेआधी कळा आल्या किंवा पाणी गेले, तर सकाळची वाट न पाहता नवजात शिशू कक्ष असलेल्या रुग्णालयात जावे. लासलगावहून नाशिक साठेक किलोमीटर आहे. बाळाला पेटीतून नेण्यापेक्षा मातेच्या उदरातून नेणे अधिक सुरक्षित. आणि ठरवून करायचे सिझेरियन, डॉक्टरांनीच वैद्यकीय कारणाने घाई सांगितली नसेल, तर एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावरच करावे. मुहूर्त पाहायचाच असेल तर त्यापुढील दिवसांतून पाहावा; त्यासाठीही डॉक्टरांची संमती घ्यावी.

काकूंना मी एवढेच म्हणालो, “उन्हाळ कांद्याच्या माना पडण्याआधी तो कोणी चाळीत भरतो का? वरून कितीही भरलेला दिसला, तरी मान ओली असली की तो टिकत नाही.” त्या हसल्या. मग मी आठवण दिली की भगवान महावीरांचा गर्भवास आपली परंपरा नऊ महिने आणि साडेसात दिवस सांगते. मोजणीचा आरंभ रुग्णालयाहून वेगळा असेल. परंतु पूर्वजांनी नऊ महिन्यांवरचे साडेसात दिवसही सोडले नाहीत, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

काकूंनी सोमवारचा मुहूर्त सोडला. वाचकहो, आपल्या घरीही अशी वेळ आली, तर ते वरचे दिवस बाळाकडून हिरावून घेऊ नका.

जय जिनेंद्र.