मुलांचं ताट आधी वाढा

माथेरानला मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यापासून पुढे बहुतेकदा पायपीट नाहीतर घोडा. दिवसभर लाल मातीत हुंदडलेली तीन-चार वर्षांची पोरं साडेसहालाच भुकेनं रडकुंडीला येतात, आणि हॉटेलांतला बुफे बहुतेक ठिकाणी आठच्या पुढेच मांडतात. तोवर पोटात वेफर्स गेलेले, डोळे मिटू लागलेले. ब्रिटनमधल्या अनेक कौटुंबिक हॉटेलांत मुलांना पाचच्या सुमारास वेगळं जेवण देण्याची पद्धत आहे. आपल्याला तेवढाही थाट नको. कुकरभर मऊ वरणभात, वर तूप, बिनतिखटाची बटाट्याची भाजी. एवढं साडेसहाला तयार ठेवावं. कोकणातल्या घरगुती मुक्कामी काकू आल्याआल्या विचारतात, “बाळ किती वाजता जेवतं?” आणि त्या वेळेला पान मांडतात. मोठ्या हॉटेलात कुणी विचारत नसेल, तर आईबापांनी बुकिंग करतानाच ही वेळ ठरवून घ्यावी.