कालचा तलाठी, आजचा साहेब

परवा नांदेडला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मामा बढतीचा किस्सा सांगत बसला. मामा आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी. आता रिटायर आहे.

"ऑर्डर आली, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला, काल ज्यांच्यासंग टपरीवर चहा पिलो त्यांच्याच नोंदी आता तपासायच्या. कशा, ते कोणी सांगितलंच नाही रे."

सातबारा फक्त फ्लॅट घेतानाच ऐकलेल्यांसाठी थोडक्यात: तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफार नोंद घेतो, मंडळ अधिकारी ती तपासून मंजूर किंवा नामंजूर करतो. म्हणजे आपल्या भाषेत कोड रिव्ह्यू! फरक एवढाच की इथे बग राहिला तर कुणाची तरी जमीन जाते.

पंचनाम्याचंही तेच. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि पीक 33 टक्के किंवा जास्त गेलं तर मदत. कागदावर 30 लिहिलं की शेतकरी बाहेर, 35 लिहिलं की आत. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात गेली, तेव्हा असे आकडे चिखलात उभं राहून लिहावे लागले. ते बरोबर आहेत का हे बघणारा माणूस कालपर्यंत स्वतः तेच लिहीत असतो.

आता कोणी म्हणेल, प्रशिक्षण असतं की! असतं. पुण्यात यशदा आहे, 2011 चं राज्य प्रशिक्षण धोरण आहे, 2020 साली केंद्राने मिशन कर्मयोगी आणलं. 2021 मध्ये नेमलेल्या क्षमता विकास आयोगावर प्रवीण परदेशी होते, म्हणजे 1993 च्या किल्लारी भूकंपाच्या वेळचे लातूरचे कलेक्टर. हाताखालच्या माणसांकडून काम करून घेणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगायला नको. पण खाली तालुक्याला येईपर्यंत त्याचं काय होतं? कलमं, नियम, ऑनलाइन कोर्स, सर्टिफिकेट. लातूर पॅटर्नने आपल्याला पेपर सोडवायला शिकवलं, आणि आपण साहेबगिरीचाही पेपरच काढला :)

मला वाटतं, नव्या मंडळ अधिकाऱ्याला पहिले तीन महिने दुसऱ्या तालुक्यातल्या मुरलेल्या अधिकाऱ्यासोबत बसवावं. जुन्या वादग्रस्त नोंदी समोर टाकाव्यात, काय करशील ते विचारावं. मित्राला 'ही नोंद चुकली' हे तोंडावर कसं सांगायचं, याचा सराव करून घ्यावा. आमच्याकडेही चांगला कोड लिहिणाऱ्याला एका सोमवारी टीम लीड करतात आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत बसतात, त्यामुळे हसायचा हक्क आपल्याला नाहीच. 'अनुभवाने येतं सगळं' हे खरंय. मामालाही आलं, दोनेक वर्षांत. पण त्या दोन वर्षांचं बिल कोणी भरलं?

मामाने ते स्वतःच सांगितलं. पहिल्याच वर्षी एका जुन्या दोस्ताने घेतलेली वारस नोंद त्याने डोळे झाकून मंजूर केली. तीन भावांची नावं होती, बहिणीचं नव्हतं. महिन्याभराने ती बाई घरी आली. मामीने चहा ठेवला, तो न घेताच गेली. पुढे अपील, तारखा, वकील... नाव लागायला चार वर्षं गेली.

"दोस्ताला विचारलं का मग?" मी म्हणालो.

"काय विचारू? सही माझी होती."