व्यत्ययाबद्दल क्षमस्व

दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावर जुनं महाराष्ट्र सदन आहे आणि त्याच रस्त्यावर दूरदर्शन भवनही आहे. मराठी कुणी बिघडवली, यावरचे वाद मी या रस्त्यावर चहा पिताना पुष्कळ ऐकले. निकाल ठरलेला असतो: टीव्हीनं इंग्रजी आणलं, मराठी गेली. मला तो मान्य नाही. टीव्हीनं इंग्रजी आणलंच नाही. इंग्रजीतले मूठभर शब्द आणले आणि तेच सगळीकडे वापरायला लावले.

गाण्याच्या स्पर्धेतले परीक्षक ऊठसूट ‘इमोशनल’ होतात. आता घरातही सगळे इमोशनलच होतात. मराठी माणसाला गहिवरून येतं, त्याचा कंठ दाटतो, ऊर भरून येतो, पोटात कालवतं. यातलं प्रत्येकाचं कारण वेगळं. मूल उपाशी झोपलं की आईच्या पोटात कालवतं. मुलाला बक्षीस मिळालं म्हणून नाही. तसंच ‘सपोर्ट’चं. कैवार घेणारा आणि आधार देणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. मी इंग्रजी कादंबऱ्यांचा अनुवाद करते. चांगला इंग्रजी लेखकसुद्धा ‘इमोशनल’वर भागवत नाही.

मी शुद्धिवादी नाही. टेबल, स्टेशन, तिकीट हे शब्द त्या त्या वस्तूबरोबर आले आणि आपले झाले. ‘एपिसोड’ला ‘महा’ जोडून केलेला ‘महाएपिसोड’ तर मला आवडतो. त्यात भाषेची मस्ती आहे. माझी तक्रार आहे ती चार शब्द हाकलून त्यांच्या जागी बसलेल्या एका शब्दाबद्दल.

एकदा एका मालिकेचे संवाद मराठीत आणताना मी ‘विवंचना’ लिहिलं. ‘प्रेक्षकांना कळणार नाही मॅडम, टेन्शन करा,’ असा निरोप आला. मी केलं. मानधनही घेतलं. तेव्हा या पापात माझाही वाटा आहे.

पण ‘कळणार नाही’ हे खरं आहे का? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. प्रक्षेपण तुटलं की हिंदीत ‘रुकावट के लिए खेद है’ यायचं, मराठीत नुसती पाटी: ‘व्यत्यय’. माझ्या पिढीतल्या पोरांना तो शब्द लिहिता येत नव्हता, पण अर्थ पक्का ठाऊक होता. कुणी शिकवला नव्हता. ‘मालिका’ हा शब्दही असाच घरोघरी रुळला. आज तो कुणाला जड वाटत नाही. म्हणजे रोज कानांवर पडणारा शब्द लोक उचलतात, मग तो संस्कृतातला असो की इंग्रजीतला. कुठला शब्द रोज पाडायचा, हे प्रेक्षक ठरवत नाहीत. ते संवाद लिहिणारे, तपासणारे आणि माझ्यासारखे मान डोलावणारे ठरवतात. आळस आपला, आणि बिल प्रेक्षकांच्या नावावर.

पुढच्या वेळी मी ‘विवंचना’च ठेवणार आहे. खोडायची तर त्यांनी खुशाल खोडावी. फक्त प्रेक्षकांचं नाव पुढे करू नये.